दहीभाताच्या आधी खुनी सापडत नाही

सकाळी नऊ वाजले की आमच्या शेजारचे सेतुराव स्टूल घेऊन कपाटात शिरतात.

कपाट भिंतीतलं आहे, पूर्वी गाद्या ठेवायचं. आत तिन्ही बाजूंनी उशा, समोर फोन, आणि फोनला जोडलेल्या माइकवर चढवलेला एक लोकरीचा पायमोजा. चेन्नईत लोकरीचा पायमोजा कशाला लागतो, हा प्रश्न मलाही बरेच दिवस पडला होता. तर माइकला लागतो. सेतुराव दार ओढून घेतात, आणि घामानं निथळत बाहेर येतात तेव्हा एक खून पुरा झालेला असतो.

घाबरू नका. सेतुरावांचा पॉडकास्ट आहे. पॉडकास्ट म्हणजे काय ते मलाही ठाऊक नव्हतं. माझा मुलगा महेश म्हणाला, "आई, रेडिओच गं, फक्त ज्याचा त्याचा." या रेडिओवर सेतुराव रोज एका खऱ्या खुनाची खरी हकीकत सांगतात. आणि तीही तंजावरी मराठीत! जगात असा हा एकच, असं ते म्हणतात, आणि दुसरा काढायला कोणी येईल असं मला तरी वाटत नाही.

मी मूळची साताऱ्याची. महेश चेन्नईजवळ ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात लागला, त्याच्यामागून मीही एग्मोरला येऊन पडले. शेजारी मराठी माणूस आहे कळल्यावर मला कोण आनंद! पुरणपोळ्या घेऊन गेले. दारात धोतर नेसलेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. म्हणाले, "या कीं, या. मी आतांच टिफिन खाल्लों." मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. पण नाही, त्यांच्याकडे 'मी पाहिलों, मी खाल्लों' असंच. (आणि टिफिन म्हणजे डबा नव्हे, नाश्ता.) पूर्वज तंजावरला गेले तेव्हा जी बोली बांधून नेली तीच अजून शिदोरीसारखी पुरवून खातायत, वर तमिळची फोडणी. झालं नाही म्हणायचे, 'जालें'. मग-पुढे म्हणायचं तर 'अप्पुरम'. मला 'पुणें मामी' म्हणतात. सातारा वेगळं गाव आहे हे मी नकाशा काढून दाखवलं. "सरी, सरी," म्हणाले, म्हणजे बरं, बरं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुणें मामी.

आमच्या दोघांच्या मध्ये एकच भिंत, त्यामुळे त्यांच्या खुनांना माझ्या कुकरचा फार त्रास. एकदा पहिली शिट्टी झाली आणि माझा फोन वाजला. पलीकडून दबका आवाज, "मामी, कुकर थांबवा हो. आतां प्रेत सांपडायचें आहे." मी गॅस बंद केला. त्या दिवशी डाळ कच्ची राहिली, पण प्रेत व्यवस्थित सापडलं.

त्यांची गोष्ट सांगायची तऱ्हा पण अजब. सुरुवात मेलेल्या माणसानं त्या दिवशी काय खाल्लं इथून. इडली होती तर चटणी कसली, वांग्याचं सांबार होतं तर वांगी कोणती. मी विचारलं, "अहो, माणूस मेला ते सांगा ना आधी." तर म्हणाले, "मेला तें पोलीसही सांगतात. जेवला काय, तें कोण सांगणार?" आणि गोष्ट वाढायची कशी, तर पानासारखी. आधी सांबारभात, म्हणजे घर, माणसं, स्वभाव. मग रसमभात, म्हणजे संशय. शेवटी दहीभात, तेव्हा कुठे खुनी. "दहीभाताच्या आधीं खुनी सांपडतां कामा नये, मामी. पोट बिघडतें." रक्तबिक्त तर नाहीच. सुरा आला तरी धुऊन पुसून येतो.

आणि त्या थांबण्याचं काय सांगू! दोन वाक्यं झाली की विचारणार, "अप्पुरम काय जालें?" आणि गप्प. बरं, गप्प म्हणजे किती, तर पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं माझा फोन बिघडला, मी तो ओट्यावर आपटला. तेवढ्यात आवाज आला, "अप्पुरम दार उघडलें." पुन्हा दोन वाक्यं, पुन्हा अप्पुरम, पुन्हा शांतता. मागे एग्मोर स्टेशनची घोषणा बारीक ऐकू यायची, तेवढीच करमणूक.

महेश त्यांची थट्टा करायचा. "सेतुकाका, तुमच्यापेक्षा जास्त माणसं आपल्या जिन्यात असतात. कोण ऐकतं हो हे?"

"ऐकतात. पुरे आहे."

"मग आठवड्यातून एकदा करा. रोज कशाला?"

"रोज पाहिजे," सेतुराव म्हणायचे. "आणि जेवणाच्या आधीं गेलें पाहिजे." एकदा चांगले तापानं फणफणले होते, तरी कपाळावर ओली पट्टी ठेवून कपाटात बसले. मी म्हटलं, म्हातारपणी माणसाला काहीतरी नाद लागतोच. माझ्या आत्याला कोंबड्यांचा होता.

असं सगळं सुखात चाललं असताना टी. नगरचा खून झाला.

रेशमी साड्यांच्या मोठ्या दुकानाचे मालक ऐन आडीच्या, म्हणजे तमिळ आषाढातल्या, सेलमध्ये वरच्या गोदामात मेलेले सापडले, गळा आवळून, तोही साडीनं. सगळे चॅनेल तिथे तळ ठोकून. साडी राणी रंगाची की डाळिंबी, यावर टीव्हीवर भांडणं. सेतुराव रिक्षानं निघाले. मीही निघाले, शेजारच्या दुकानातला सेल चालू आहे का ते बघायला. (होता.)

पोलीस अधिकारी बाहेर आले तशी माइकांची झुंबड उडाली. कोणावर संशय, घरचा वाद का, सून कुठे आहे? त्या गर्दीत एक पायमोजा वर आला आणि तमिळमध्ये प्रश्न आला, "सार, सकाळीं टिफिनला काय खाल्लें त्यांनीं?"

सगळे हसले. अधिकारी बिचारे आधीच वैतागलेले. ओरडले, "पोंगल! पोंगल खाल्लं! आता बाजूला व्हा!"

घरी येईस्तोवर प्रत्येक चॅनेलवर खाली लाल पट्टी: शेवटचा टिफिन पोंगल. (म्हणजे आपली तांदूळ-मुगाची खिचडीच, तूप जास्त.) आणि पायमोजावाल्या आजोबांचा व्हिडिओ म्हणे लाखो लोकांनी बघितला. रस्त्यावरची पोरं त्यांना 'सॉक्स तात्ता' म्हणून हाका मारायला लागली. पॉडकास्टला माणसं लोटली. सगळ्यांना एकच हवं, सुनेचं नाव. सेतुराव काही ते नाव घेईनात. "कोर्ट सांगितल्याखेरीज मी कसा सांगूं? दहीभात अजून आलाच नाहीं."

आठवड्याच्या आत पुण्याहून फोन आला, माझ्याच नंबरवर, कारण सेतुराव अनोळखी फोन घेत नाहीत. ऋता नावाची गोड मुलगी. त्यांची कंपनी पॉडकास्ट करते. टी. नगरची केस त्यांना मराठीत हवी होती, आणि सॉक्स तात्ताच हवे होते. खरा स्टुडिओ देणार, वातानुकूलित. सबंध महाराष्ट्र ऐकणार. अटी दोनच. बोली जरा आपली, नेहमीची मराठी करायची, आणि मधल्या त्या मोकळ्या जागा काढायच्या. "आजी, लोक थांबत नाहीत हो आजकाल," ती म्हणाली.

सेतुराव दोन दिवस विचार करत होते. कपाटाचं दार उघडून आत बघायचे, बंद करायचे. त्यांना मोह झाला होता, आणि का होऊ नये? "मामी, इतक्या पिढ्यांनीं आमच्या घरचा आवाज परत तिकडे जातो. आमचे आजोबा असते तर पेढे वांटले असते." मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "शिकवा पुणें मराठी."

मी शिकवली. 'मी पाहिलों' नाही, 'मी पाहिलं'. 'अप्पुरम' नाही, 'त्यानंतर'. माणूस हुशार, चार दिवसांत बातम्या दिल्यासारखे बोलायला लागले. नमुन्याचा भाग केला, पुण्यात त्यातल्या मोकळ्या जागा कापल्या, आणि तो नेहमीच्या वेळी, सेतुरावांच्याच पॉडकास्टवर लागला. सुसाट! खून, संशय, पोलीस, सगळं एका दमात. महेशनं कारखान्यातून मेसेज केला, 'काका फाडू'. मी शिरा केला, डब्यात भरून शेजारी घेऊन गेले.

सेतुराव फोन कानाला लावून उभे होते. पलीकडे कोणी बाई तमिळमध्ये बोलत होती. त्यांचा चेहरा असा, जसं काही खरंच कोणी गेलं. फोन ठेवला आणि म्हणाले, "मामी, येतां काय माझ्याबरोबर? अक्का जेवत नाहीं."

अक्का? कसली अक्का? पण विचारायची ती वेळ नव्हती. डबा पिशवीत टाकला आणि निघाले.

गाडीत सगळं कळलं. आई लहानपणी गेली, थोरल्या बहिणीनं वाढवलं. सेतू खायचा नाही, म्हणून अक्का वर्तमानपत्रातले खून सांगायची. दोन वाक्यं सांगायची, "अप्पुरम काय जालें?" म्हणायची आणि घास पुढे धरायची. तोंड उघडल्याशिवाय पुढचं नाही. आता अक्का नव्वदीला टेकलेली. पडली, उचलायला माणसं लागायला लागली, आमच्या घराला लिफ्ट नाही, म्हणून तांबरमच्या बाजूला वृद्धांच्या एका घरात ठेवलेली. इंग्रजी विसरली, तमिळही विसरली. राहिली ती घरची बोली. जेवायला भरवलं तर ओठ मिटून घेते. सेतुरावांचा आवाज लावला तरच जेवते.

"मग तुम्हीच का नाही जाऊन भरवत?" मी विचारलं.

"मला पाहिली कीं ताट माझ्याकडे सारते. भाऊ उपाशी असतां ती कशी जेवेल? मी खाल्लों म्हटलें तरी विश्वास नाहीं. न खातां खाल्लों म्हणायचा माझा लहानपणचा खोटेपणा तिला ठाऊक आहे." आणि हसले, पण डोळे खिडकीबाहेर.

तिथे पोचलो तर व्हरांड्यातच अक्काला भरवणारी, शेल्वी, रडकुंडीला आलेली. ती तमिळमध्ये सांगत होती, सेतुराव मला समजावत होते. आज फोनमधला माणूस थांबलाच नाही, घास कधी द्यायचा कळेना. आणि अक्काचे शब्द तिनं जसेच्या तसे म्हणून दाखवले, "कोण हा परका? बंद कर."

सेतुराव खोलीत गेले नाहीत. दाराबाहेर बाकावर बसले, शेल्वीच्या फोनवर फोन लावला आणि पायमोजाबियमोजा काही नाही, तसेच बोलायला लागले. "टी. नगरांत एक साड्यांचा सावकार होता. सकाळीं पोंगल खाल्ला. तूप कसें, असें ओघळणारें. अप्पुरम काय जालें?"

आणि गप्प.

दार थोडं उघडं होतं. आत चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग एक बारीकसा, म्हातारा, आवंढा गिळल्याचा आवाज. सेतुराव डोळे मिटून ऐकत होते. "अप्पुरम दुकानांत गेला."

तेवढ्यात माझा फोन थरथरला. ऋता. "आजी, आकडे बघितलेत का? सर कुठेत?"

मी लांब जाऊन कुजबुजले, "बाळ, ते कामात आहेत. रसमभात चाललाय."

परत आले तर सेतुराव थांबले होते, जरा जास्तच थांबले होते, खोकला आला असावा. आणि आतून खणखणीत आवाज आला, तोंड मोकळं झाल्याचा पुरावाच जणू. "अप्पुरम?"

दहीभात संपला तरी खुनी सापडला नाही, कारण पोलिसांनाच तो सापडलेला नाही. "बाकीचें उद्यां," सेतुराव म्हणाले आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळले. "पुण्याच्या त्या मुलीला सांगा, मामी. वाईट वाटूं देऊं नको म्हणून सांगा. ती मोकळी जागा नव्हे. तेथें घास आहे."

आत अक्का शेल्वीला विचारत होती, "सेतू जेवला कां गे?"

शेल्वीला मराठीतलं हे एक उत्तर पाठ होतं. "जेवले, अक्का."

सेतुराव ओशाळले. सकाळपासून त्या माणसाच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मी पिशवीतून शिऱ्याचा डबा काढला, झाकण उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"खा," मी म्हटलं. "अक्काला खोटं सांगितलंय तिनं तुमच्या नावानं."

त्यांनी पहिला घास घेतला. दुसरा घेईनात, नुसते दाराकडे बघत बसले. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हटलं, "बरं, लहानपणी तो पहिला खून अक्कानं सांगितला, तो कुठला होता? अप्पुरम काय जालें?"

सेतुरावांनी माझ्याकडे बघितलं, दुसरा घास घेतला, आणि सांगायला लागले.