पेंडिंग वाटी

आमच्या इमारतीत सकाळी सातनंतर खाली उतरायचं असेल, तर वाटेत ओट्स खावे लागतात. चौथ्या मजल्यावर नलावडे लिफ्टचं बटण दाबून उभे असतात. दार उघडलं की त्यांचा एक पाय आत, एक बाहेर, डोक्याला माकडटोपी, हातात लाकडी पळी. लिफ्ट दार मिटायला बघते, त्यांच्या बुटाला अडखळते आणि पुन्हा उघडते.

"दोन मिनिटं," नलावडे म्हणतात. "गरम हाय. क्लिअर करा आणि जावा."

नलावडे मूळचे साताऱ्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर म्हणून काढली. त्या नोकरीने त्यांना गुडघेदुखी दिली आणि एक तत्त्वज्ञान दिलं: जगात वस्तू दोनच प्रकारच्या असतात, क्लिअर झालेल्या आणि पेंडिंग. वारलेला माणूस क्लिअर झालेला असतो. टँकरचं पाणी पेंडिंग असतं. आणि समोरच्याच्या वाटीत तळाला चमचाभर ओट्स उरले असतील, तर तो माणूसच पेंडिंग असतो. त्याला सोडता येत नाही.

आमच्या या उलव्यात थंडी पडते हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. इथे डिसेंबरात जे पडतं ते धुरकं. खाडीवरची ओल आणि न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरांची धूळ यांचं ते मिश्रण असतं. त्यात समोरची अर्धवट बांधलेली इमारत दिसेनाशी होते, एवढाच त्याचा फायदा. पण नलावडे पहाटे गच्चीवर जाऊन नाकाने हवा तपासतात आणि खाली येऊन जाहीर करतात, "आज कडक हाय." त्यांनी जाहीर केलं की आम्ही स्वेटर घालतो. न घातल्यास चर्चा होते, आणि ती चर्चा स्वेटरपेक्षा जास्त उकडवते.

ओट्स मात्र ते मन लावून करतात, हे मान्य करायला हवं. आधी थेंबभर तुपावर मंद भाजायचे, खमंग वास सुटेपर्यंत. मग निम्मं दूध, निम्मं पाणी. चिमूटभर मीठ, सुंठ, वेलची आणि पार गाळ होईल इतके शिजवलेले खजूर. गूळ गॅस बंद केल्यावर घालायचा, नाहीतर दूध फाटतं. पळी सतत हलती पाहिजे. ही कृती ते प्रत्येकाला रोज नव्याने सांगतात. त्यात स्कॉटलंड येतं, कोलेस्टेरॉल येतं, घोड्याची ताकद येते. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं, तेव्हा व्याख्यानं सहन करायची मला सवय आहे. पण तिथे श्रोत्याच्या तोंडात घास नसे.

"नलावडे, याला आमच्याकडे लापशी म्हणतात," मी एकदा म्हणालो.

"लापशी येगळी. हे ओट हाय."

"आणि थोडी पातळ असली की खळ म्हणतात. पोस्टरं चिकटवायची."

"चिकटू द्या की. आतनं भक्कम व्हाल."

पाचव्या मजल्यावरच्या सोनावणे मॅडम बँकेत आहेत. त्यांची बस ठरलेली. त्यांनी एक दिवस लिफ्टमध्येच पर्स छातीशी धरून विचारलं, "काका, स्कॉटलंडला लिफ्ट अडवतात का हो?"

"तिकडं लोक स्वतःहून येत्यात."

"मग तिकडंच दुकान टाका ना. आमचा लेट मार्क तरी वाचेल."

असं म्हणूनही त्यांनी उभ्याउभ्या वाटी संपवली. सगळेच संपवत. कारण नलावडे सोडत नसत, आणि आतून स्वयंपाकघराच्या पडद्याआडून वहिनींचा आवाज येई, "आवं, वाढा की त्यांना आनखी." वहिनी बाहेर कधी येत नसत. शेवटच्या माणसाने वाटी खाली ठेवली की त्या आतून विचारत, "समद्यांचं झालं का?" आणि नलावडे मोठ्याने उत्तर देत, "झालं. समदं क्लिअर." मला ही जुन्या घरची रीत वाटे. एवढ्या प्रेमळ बाईच्या नशिबी हा मिरवणारा माणूस कसा आला, असंही वाटे.

जानेवारीत सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीने लिहिलं की सकाळच्या वेळी लिफ्ट कोणीही, कोणत्याही कारणाने, कितीही पौष्टिक असलं तरी अडवू नये. खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यातला एक अंगठा माझा होता. दुसऱ्या दिवसापासून नलावडे लिफ्टपाशी दिसेनात. ते आपल्या दारात उभे राहून लिफ्टचा आवाज आला की हाका मारू लागले, आणि लोक जिन्याने उतरू लागले, तेही चौथ्या मजल्यावर चप्पल वाजू न देता. तरी एखाददुसरा रोज सापडेच. मीही त्याच पावलांनी उतरायचो. मला ऑफिस नाही, त्यामुळे हे जरा जास्तच कौशल्याचं काम होतं.

मग जोडून सुट्ट्या आल्या. निम्मी इमारत गावाला गेली. धुरकं इतकं दाट होतं की दुपारपर्यंत दिवे लागलेले असायचे. अशा एका सकाळी माझी बेल वाजली. दारात नलावडे. पळी नव्हती.

"जरा खाली येता का? आज कुणीच नाही."

"नलावडे, माझं कोलेस्टेरॉल इतकंही वाईट नाही हो."

ते हसले नाहीत. चौकटीला हात टेकून म्हणाले, "तिनं कालपास्नं काही खाल्लं नाही."

"कोणी? वहिनींनी? बरं नाही का त्यांना?"

"बरंच नाही. दोन वर्षं झाली." मग ते जिन्याकडे बघत बोलत राहिले. वहिनींचं डोकं आता त्यांच्या सासरच्या घरात राहायला गेलं होतं. तिथे सासरे, दीर, नांगरट करून आलेली माणसं, पैपाहुणे. आयुष्यभर त्या सगळ्यांना वाढून मग जेवल्या. आता बाकी सगळं विसरल्या, तेवढं विसरल्या नाहीत. घरात पंगत उठल्याचं ऐकू आल्याशिवाय घास घेत नसत. आणि घेत तो त्याच पातेल्यातला. वेगळं काढून ठेवलेलं त्यांना चालत नसे. डॉक्टरांनी घट्ट काही द्यायचं नाही म्हणून सांगितलेलं, घशात अडकतं. "म्हणून ओट," नलावडे म्हणाले. "मला सोताला तर बघवत नाही ते."

"आधी सांगायचं नाही का? आम्ही सगळे आलो असतो."

"आला असता. आणि तिच्याकडं बघत बसला असता."

मी चप्पल घातली.

त्यांच्या घरी टेबलावर वाट्या मांडून ठेवल्या होत्या. आम्ही दोघांनी खायला सुरुवात केली. नलावडे मधूनच आवाज बदलून "वाढा, वाढा" म्हणत, खुर्ची सरकवत, ग्लास आपटत. मी घसा खाकरून पंगतीत आणखी एक माणूस वाढवला. दुसरी वाटी मला जड गेली. खोटं कशाला सांगू, पदार्थ थंड झाला की खरंच खळ होतो.

"समद्यांचं झालं का?" आतून आवाज आला.

"झालं. समदं क्लिअर."

पडदा हलला आणि वहिनी भिंतीला धरत बाहेर आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच नीट पाहिलं. लहानखुऱ्या, हाडं वर आलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू. ते कोण लावत असेल ते मी विचारलं नाही. त्यांनी रिकाम्या वाट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मग म्हणाल्या, "ह्यांचं तेवढं राह्यलं."

"अगं, माझं झालं," नलावडे म्हणाले. "ही बघ वाटी."

वहिनींनी आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि पटकन डोक्यावरचा पदर पुढे ओढला. परक्या पुरुषासमोर ओढतात तसा.

"तुमी बसा की पावनं," त्या खाली बघत म्हणाल्या. "ह्ये यार्डात गेल्यात. त्ये आल्याबिगर मी कशी खाऊ?"

नलावड्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे त्यांनाही नवीन होतं. रोजच्या पंगतीचं सोंग त्यांनी बसवलं होतं. त्या पंगतीत आपणही पाहुणे होऊ, हे त्यांनी धरलं नसावं. मी उगाच पाण्याचा ग्लास उचलला.

मग ते आतल्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट खोचलेला होता, खांद्याला रेक्झिनची जुनी बॅग. माझ्याकडे न बघता ते दाराबाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. बाहेर ते बराच वेळ थांबले. बेल वाजेपर्यंत मी आणि वहिनी दाराकडे बघत बसलो.

बेल वाजली तशा वहिनी उठल्या. चालताना भिंतीला धरणारी बाई दारापर्यंत न धरता गेली.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या. पदर मागे सरकला होता.

"गाड्या लई हुत्या आज."

"हात धुवा. पावनं जेवलं कवाचं."

त्यांनी नलावड्यांना वाढलं. नलावड्यांनी मान खाली घालून सगळं खाल्लं, मग स्वतःहून वाटी पुढे केली आणि आणखी घेतलं. नंतरच वहिनी जमिनीवर टेकल्या, पातेलं जवळ ओढलं आणि कडेचं खरवडून खाऊ लागल्या. सावकाश, पण थांबल्या नाहीत. नलावडे बॅग खांद्यावरून न उतरवता त्यांच्याकडे बघत होते.

मी उठलो. वहिनींनी मान वर करून माझा निरोप घेतला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, पावन्यास्नी खालपतुर सोडून या."

"नको," नलावडे म्हणाले. "मी आता कुठं जात नाही."