पारदर्शक काच आणि अकरा सह्या

काचेचे गुण तिच्या घटकांवर अवलंबून असतात, आणि घटक ते सुचवणाऱ्यांवर.

जर्मनीत, थुरिंगियातल्या आमच्या संस्थेला घरातल्या शेकोटीच्या दारासाठी काच-सिरॅमिक बनवायचं होतं. आच सोसेल आणि आतली ज्वाळा दिसेल असं. वाळूबरोबर अ‍ॅल्युमिनियम आणि लिथियमची संयुगं वितळवायची, स्फटिकांना बीज म्हणून किंचित टायटॅनियम आणि झिर्कोनियम घालायचं आणि बेताच्या आचेवर स्फटिक धरू द्यायचे. ते अतिसूक्ष्म राहिले तर काच नितळ, फुगले तर दुधाळ. भट्टीवरच्या उटा त्साइडलर हे बत्तीस वर्षं जमवत होत्या, त्यामुळे सुधारणेला वाव होता.

त्यासाठी अकरा जणांची पारदर्शकता समिती नेमली गेली (बैठका बंद दाराआड). टायटॅनियमने पिवळी झाक येते, म्हणून रंग विभागाने ते निम्मं केलं. झिर्कोनियम विरघळायला वेळ लागतो, म्हणून नियोजन विभागाने ते वगळलं. मग स्फटिक धरेनात, म्हणून ऊर्जा विभागाने आच वाढवली.

"बीजंच कमी पडलीत," उटाबाई म्हणाल्या. "जे चार स्फटिक धरतील ते फुगून बसतील."

इतिवृत्तात नोंद झाली: चर्चा उत्साहवर्धक.

उटाबाईंनी जुन्या प्रमाणाने स्वतःचा नमुना बनवला. तो नापास झाला तर भट्टी बंद होणार होती. तपासणीला टेबलावर दोन चौकटी उभ्या होत्या. एकीत समितीची काच, साईच्या रंगाची. दुसऱ्या चौकटीकडे समितीचे अध्यक्ष प्राध्यापक आल्सडोर्फ बराच वेळ बघत राहिले.

"त्साइडलरबाई, नमुना आणायचा राहिला का?"

"आणलाय की. त्यातूनच तर तुम्ही माझ्याकडे बघताय. टिचकी मारून बघा."

मंजुरीपूर्वी नमुन्याला हात लावणं नियमबाह्य आहे (कलम १४). 'नमुना आढळला नाही' यावर दहा सह्या झाल्या. अकरावी माझी. मला काचेच्या कडेला चमक दिसली होती, पण बाहेर कॉफी आणि प्लमचा केक मांडून ठेवला होता.

समितीची काच बाजारात गेली. पाहणीत शंभरातल्या ब्याण्णव ग्राहकांनी 'पलीकडे काहीतरी असावं' असं समाधान व्यक्त केलं. ऑक्टोबरात भट्टी विझली. उटाबाईंनी आपली काच घरच्या शेकोटीला बसवली. एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं आणि बटाट्याचे गोळे वाढले. ज्वाळा लख्ख दिसत होत्या. मी खुर्ची फिरवून शेकोटीकडे पाठ केली.

तुम्ही असता तर टिचकी मारली असती, असं तुम्हाला वाटत असेल. समितीचा अहवाल जनतेच्या हरकतींसाठी तीस दिवस खुला होता. तुमची हरकत आली नाही. नियमाप्रमाणे तुमची संमती धरली आहे.