मंगेशने मंडळ काढलं

तुम्हीच सांगा, दमूनभागून घरी आलेल्या माणसाला अर्धा तास गप्प बसायचं असेल, तर त्याने कुणाला विचारायला हवं का? मंगेशला वाटलं, नको. तिथेच सगळं फसलं.

मंगेश महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क. वाडी पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याशी. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी आणि मधल्या वेळेत साहेब. घरी पोचून पाणी प्यायच्या आत दारात कुणीतरी उभं असायचंच. कुणाला अर्ज लिहून हवा, कुणाला मोबाईलमधलं लाइटबिल बघून हवं. लिहिता येणारा आणि नाही म्हणता न येणारा असा वाडीत तो एकटाच (या दोन गोष्टी एका माणसात असू नयेत).

डोकं ठणकायला लागलं तेव्हा पोलादपूरच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि भुवया वर केल्या. "प्रेशर काठावर आहे. रोज अर्धा तास मन शांत ठेवा. नाहीतर गोळी सुरू करावी लागेल, ती जन्मभराची."

गोळीपेक्षा त्या अर्ध्या तासाचीच मंगेशला जास्त काळजी. तो आणायचा कुठून?

तो बायकोने आणला. अनुपमाने महाडच्या बाजारातून चित्रकलेची वही, कंपास आणि रंगीत पेनं आणली. "याला मंडला म्हणतात. मधे ठिपका द्यायचा, भोवती गोल काढायचे, गोलात पाकळ्या भरायच्या. ताण जातो म्हणे. मोबाईलवर सगळे काढतात."

पहिला गोल अंड्यासारखा आला, दुसरा फणसाच्या आठळीसारखा. पण तीन-चार संध्याकाळी झाल्या आणि चमत्कार घडला. पाकळीमागून पाकळी भरताना साहेब आठवेनासा झाला. एकदा तर साहेबाचं आडनावही आठवेना. मागल्या पडवीतला तो अर्धा तास मंगेशला पगारापेक्षा प्यारा झाला.

अशाच एका संध्याकाळी त्याची आई, जानकीबाई, वाल सोलायला पडवीत येऊन बसली.

"काय करतोस रे?"

"मंडला काढतोय." मंगेशने मान वर केली नाही.

जानकीबाईचा हात वालावरच थांबला. "मंडळ? तू?"

"हो. बरं वाटतं."

"सोबत कोन हाय?"

"कुणी नाय. हे एकट्यानंच काढायचं असतं."

"आनि रंग कुठला घेनार?"

"एकच कशाला? सगळे घेईन."

"बरं, मधे कोन?"

"मधे कोन नसतो गो आये, सगळे गोलच. मधे आपला ठिपका. बाकीचं त्याच्याभोवती फिरतं."

जानकीबाई वाल तसेच टाकून उठली. वाडीत मंडळ एकच. सत्यनारायण, शिमग्याची पालखी, लग्न-हळदीला लागणारी भांडीकुंडी, सगळं त्याच्याच ताब्यात, आणि वर्षानुवर्षं अध्यक्ष एकटे रावजी. त्यांच्यासमोर आपला गरीब लेक उभा राहतो म्हटल्यावर आईला भीती आणि अभिमान एकदमच वाटले. पाण्याला गेली तर नळावर शेजारची बनुबाई भेटली. "आमच्या मंगेशान मंडळ काढलान," ती म्हणाली. "कुनाला बोलू नको."

दुसऱ्या संध्याकाळी पडवीत चपला मावेनात. बनुबाईला सून नव्या मंडळात घालायची होती. कुणाला पालखी पहिली आपल्या दारात हवी होती. मंगेश पेन धरून नुसता बघत राहिला. तेवढ्यात मुंबईहून चुलतभाऊ चंदूचा फोन.

"काय रे, मुंबईवाल्यांना न विचारता? शिमग्याला आता दोन पालख्या नाचवायच्या काय?"

"अरे चंदू, मी फक्त गोल काढतोय."

"तेच बोलतोय ना. गोल काढायचा नि आमाला बाहेर ठेवायचं."

मंगेशने फोन ठेवला. ठिपक्याजागी पेन टेकलेलं राहून वहीला भोक पडलं होतं. डोकं पुन्हा ठणकत होतं.

"उद्या रावजीकाकांकडे जा आणि सरळ सांगा," अनुपमा म्हणाली. "नाहीतर तुमची पडवी गेलीच म्हणून समजा."

जायची गरज पडली नाही. सगळे पांगले तसे रावजी स्वतःच आले. हातात कापडी पिशवी, चेहरा गंभीर. मंगेशने घाईघाईने वही पुढे केली.

"काका, मंडळ नाय हो, मंडला. चित्र. डोक्याला शांती म्हणून काढतो. बघा तुम्हीच."

रावजींनी वही उजेडात धरली. कितीतरी वेळ पानं उलटली.

"ह्यान डोकं शांत होतं?"

"होतं."

"मानसं मधे येत नाय?"

"यायची नाय. कालपर्यंत."

रावजी वही समोर ठेवून खाली बसले. "म्हंजे तू मंडळ काढत नायस."

"नाय हो काका, आईची शपथ."

रावजींचा चेहरा पडला. त्यांनी पिशवी उपडी केली. मंडळाच्या खोलीच्या, कपाटाच्या, भांड्यांच्या पेटीच्या किल्ल्या खळकन वहीवर पडल्या. "ह्या द्यायला आलेलो रे. म्हटलं, पोरान सोडवलान मला. कुनाचं झाकन हरवतं, कुनाची कढई चेपते, रात नाय दिवस नाय. मलापन प्रेशर हाय. गोळी चालू हाय." त्यांनी किल्ल्या हळूच मंगेशकडे सारल्या आणि वही आपल्याकडे ओढली. "असं कर. तू हे घे, मी हे घेतो."

स्वयंपाकघराच्या दारातून अनुपमा जोरजोरात मान हलवत होती. नाही म्हणा, नाही म्हणा. मंगेशने तिच्याकडे पाहिलं, मग रावजींच्या थकलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं बळ एकवटून तोंड उघडलं.

"काका," तो म्हणाला, "त्यातलं हिरवं पेन जरा दाबून धरावं लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रावजी आपल्या ओटीवर बसून पाकळ्या रंगवत होते, आणि मंगेश एसटी चुकवून बनुबाईला मंडळाची पातेली झाकणांसकट काढून देत होता.