सुपडूभाऊंचं पाठांतर

आमच्या सुपडूभाऊंनी उभा जन्म विनोदी कामं करण्यात घालवला, पण लेखकाने लिहिलेलं एक वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं असेल तर शपथ! "पुस्तक म्हणजे स्टेपनी, भो," ते म्हणायचे. "गाडी पंक्चर झाली तरच काढायची." यांची गाडी कधी पंक्चर झाली नाही. पण आम्ही सोबतचे नट मात्र तिच्याखाली यायचो.

नोकरी कागदाच्या मिलमध्ये. तिथल्या गणपतीत ते पडदा ओढायचे. एकदा चोराचं काम करणाऱ्याची डोईफोडियाहून येणारी बस चुकली आणि यांना पुढे ढकललं. चोरी राहिली बाजूला, यांनी घरमालकाला हलवून उठवलं आणि वरण-बट्टीचा हट्ट धरला! लोक हसून लोळले. तेव्हापासून विनोदी काम म्हटलं की सुपडूभाऊ.

त्या नाटकात मी फौजदार. अटक करायला गेलो, तर गळ्यात पडून ओरडले, "जावईबापू आले हो! पाणी आणा!" पुढचा अख्खा अंक मी मुकाट्याने जावई झालो. जळगावच्या स्पर्धेत परीक्षक म्हणाले, "प्रयोग झकास. पण नाटक कोणतं होतं?"

मिलचे साहेब हिंदीवाले. त्यांनी हार घालून कौतुक केलं, "आपने बहुत अच्छी चेष्टा की." त्यांना म्हणायचं होतं, प्रयत्न छान केला. भाऊंनी हात जोडले, "साहेब, चेष्टा आम्ही सगळ्यांचीच करतो. तुमची तिसऱ्या अंकात आहे!" मंडप दणाणला. साहेबांना काही कळलं नाही, म्हणून तेच सगळ्यात जास्त हसले. काय दिवस होते हो ते!

विंगेत पुस्तक घेऊन बसायच्या शकूवहिनी, भाऊंच्या पत्नी. घरीसुद्धा भाकरी थापताना त्या वाक्यं सांगायच्या आणि भाऊ ती मोडायचे. प्रयोगात तर वहिनी विंगेतून दबक्या आवाजात कावायच्या, "अहो, काय बोलू राहिले तुम्ही? हे कुठंय इथं?" आणि लगेच तोंडात पदर कोंबून हसायच्या. आम्हाला वाटायचं, भाऊ प्रेक्षकांसाठी खेळतात.

रिटायर झाल्यावर दोघं शहरात, शनवारा पेठेत, आमच्या शेजारी राहायला आले. गेल्या वर्षी वहिनी गेल्या आणि भाऊंचं बोलणंच आटलं. केळीवाला विचारायचा, "काका, कैसे हो?" भाऊ म्हणायचे, "ठीक." त्या माणसाच्या तोंडी नुसतं "ठीक"! हा माणूस असाच विझून जाणार, अशी मला भीतीच बसली.

म्हणून यंदा गणपतीत तेच चोराचं नाटक बसवायचं ठरवलं. "नको भो, आता नाही जमणार," भाऊ म्हणाले. मी भांडलो, रुसलो, शेवटी त्यांच्या ओट्यावर ठाण मांडून बसलो, तेव्हा कसेबसे हो म्हणाले. तालमीला मात्र फिरकले नाहीत. म्हटलं जाऊ दे, यांना तालीम कधी लागली?

पडदा उघडला. भाऊंनी आधी विंगेकडे पाहिलं. तिथे आमचे कुलकर्णी मास्तर पुस्तक घेऊन बसले होते. मग भाऊ बोलू लागले. माझी एन्ट्री आली. मी मनातून जावई व्हायला तयार होऊनच आत शिरलो, तर भाऊ वाकून म्हणाले, "फौजदारसाहेब, मी निर्दोष आहे." पुस्तकातलं वाक्य! आणि शेवटपर्यंत तसंच, काना-मात्रेचा फरक नाही. मास्तरांना तोंड उघडावं लागलं नाही. लोक बेताचं हसले.

पडदा पडल्यावर मी चिडलोच. "भाऊ, तुम्हाला सगळं नाटक पाठ होतं?"

"होतंच ना. किती वेळा वाचून दाखवलं तिनं." ते तोंडावरचा रंग पुसत होते, पण डोळे काही कोरडे होईनात.

"मग आज एखादं तरी पदरचं टाकायचं!"

"मी चुकलो की ती रागवायची रे, अन् मग हसायची," भाऊ म्हणाले. "आता कुणासाठी चुकू?"