भोकावरचा अंगठा

ड्रिल भिंतीत शिरलं, खस्सकन आवाज झाला आणि पाण्याची चिळकांडी थेट प्लंबरच्या डोळ्यांत गेली. चोवीस वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं. ड्रिल टाकून त्यानं पाइपच्या भोकावर अंगठा गच्च दाबून धरला. खालच्या मजल्यावर फोटोग्राफरचा स्टुडिओ होता. महागडे कॅमेरे, दिवे, पडदे, सगळं नेमकं या बाथरूमखाली!

"काही फुटलं का हो?" बाहेरून घरमालकीण आजींनी विचारलं.

"छे, छे! पाइपात हवा होती."

"विमा आहे ना तुमचा? बिनविम्याच्या माणसाला मी भिंतीला हात लावू देत नाही."

"आहे की, आजी!" त्यानं ठोकून दिलं. विम्याचा कागद त्यानं आजवर उघडून पाहिला नव्हता. डाव्या हातानं त्यानं कसाबसा बायकोला फोन लावला.

"विम्याची फाइल काढ. मुदत बघ आधी."

"अजून आठ महिने आहेत."

त्याचा जीव भांड्यात पडला.

"पण अहो, धंदा 'सुतारकाम' लिहिलाय! दादानं स्वतःचा सुतारकीचा फॉर्म समोर ठेवून तुमचा भरला वाटतं."

"तुझ्या दादाच्या... बरं, पुढं वाच."

"'पाण्यामुळे होणारे नुकसान वगळून.'"

भांड्यात पडलेला जीव टुणकन बाहेर आला. अंगठा बधिर झाला होता. एवढ्यात बेल वाजली आणि फोटोग्राफरचा चढा आवाज आला, "आजी, पाणी!"

प्लंबरनं डोळे मिटले. स्टुडिओ बुडाला. आता घर जाणार, अब्रू जाणार.

"पाणी गेलंय का हो? माझ्या नळाला थेंब नाही."

"अगंबाई! खस्स ऐकल्याबरोबर मीच खालचा कॉक बंद केला. तुमचाही बंद झाला की काय?"

आजी बाथरूमच्या दारात आल्या. "काढा तो अंगठा. कधीचं पाणी थांबलंय."

त्यानं अंगठा काढला. भोक कोरडं ठणठणीत होतं.

"आजी, खरं सांगतो, माझा विमा..."

"ऐकलं सगळं. फोन स्पीकरवर होता तुमचा. तो कागद दुरुस्त होईपर्यंत पाइपाला हात लावायचा नाही." आजींनी कपाटातून रंधा काढून त्याच्यापुढं धरला. "तोवर हे दार खाली घासतंय, तेवढं तासून द्या."

"पण मी सुतार नाहीये हो!"

"कागदावर आहात ना?"

प्लंबरनं रंधा उलटसुलट करून पाहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो विम्याच्या पूर्ण संरक्षणात काम करणार होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे हात असे थरथरत होते.