सेंटर फॉरवर्डने मुख्यालय सोडू नये

पळसघाट येथे एक फुटबॉल क्लब असून त्याला दोन समर्थक मंडळं आहेत. क्लबात अकरा माणसं आणि मंडळांत सारं गाव, त्यामुळे खेळाचा भार खेळाडूंवर आणि खेळाडूंचा भार आमच्यावर अशी कामाची वाटणी पहिल्यापासून आहे. गावात फुटबॉल आणला एका इंग्रज जंगल अधिकाऱ्याने. सत्तेचाळीस साली तो बायको, कुत्री आणि बंदुका घेऊन विलायतेला गेला, फुटबॉल राहिला. स्वातंत्र्याचा आमच्या वाट्याला आलेला तो पहिला ठळक हप्ता.

कलकत्त्याकडचे क्लब दुसऱ्या क्लबातले खेळाडू पैसे मोजून आणतात, असं मी वर्तमानपत्रात वाचलं आहे. आमच्याकडे खेळाडू सरकार पाठवतं. पटवारी डावीकडून धावतो, पोलीस शिपाई माणसं अडवतो, दवाखान्यातला कंपाउंडर गोल राखतो, दोन मास्तर एकमेकांना पास देतात आणि उरलेली जागा जंगलखातं भरून काढतं. उन्हाळ्यात बदल्यांचे हुकूम निघाले की आमचा संघ जाहीर झाला. एका वर्षी दवाखान्यातली जागाच भरली गेली नाही आणि आम्ही सगळा मोसम गोलकीपरशिवाय काढला. सरकारला फुटबॉल कळत नाही ही आमची जुनी तक्रार आहे. आम्हाला तो कळतो, फक्त खेळता येत नाही.

समर्थक मंडळं दोन होण्याचं कारण बूट. वर्गणी जमली तेव्हा तीत बुटांचा एकच जोड येत होता. माझं म्हणणं, जोड घ्यावा. किराणावाले नानाजी, जे क्लबाचे खजिनदार, त्यांचं म्हणणं की एका माणसाला बूट दिले तर उरलेल्या दहांचा अपमान होतो. वाद विकोपाला गेला, मंडळ फुटलं आणि बूट तरीही आले. ते झिजू नयेत म्हणून नानाजींच्या दुकानात कुलपात असतात. फुटलेल्या मंडळांपैकी एकाचं नाव 'मूळ', दुसऱ्याचं 'खरे'. मूळ मंडळाचा चिटणीस मी. नागपूरला बी.ए., एलएल.बी. झालो आणि तेव्हापासून पळसघाटात वकिली करतो, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देतो.

लालसू नाकेदार आमचा सेंटर फॉरवर्ड. जंगलखात्याच्या नाक्यावर लाकडाच्या गाड्या तपासणं हे त्याचं दुय्यम काम. तो कुरखेड्यापलीकडच्या एका जंगलगावचा. अनवाणी खेळायचा, आणि चेंडू त्याच्या पायाशी पाळल्यासारखा राहायचा. त्याच्या पायांबद्दल आम्ही अनेक सभा घेतल्या आहेत. त्याच्याशी बोलण्याची वेळ सहसा येत नसे.

एका संध्याकाळी मुखरूच्या चहाच्या हाटेलात आमची अनौपचारिक सभा चालली असताना लालसू हातात कागद घेऊन आला आणि हसला. त्याचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"वकीलभाऊ, बदली झाली. कुरखेड्याले."

मुखरूने ओतत असलेला चहा थांबवला.

"तूनं मांगतली का?" त्याने विचारलं.

"हो जी. मामा म्हनते, माघी पुनवेच्या आंधी इथी राहाले येशीन तं सुकरी तुले. नाई तं दुसरा पाहतो म्हनते. त्याले नोकरीवाला जावई पायजे, पन जवळचा पायजे." मामा म्हणजे त्याचा ठरलेला सासरा आणि सुकरी म्हणजे ठरलेली बायको, असा खुलासा त्याने मागून केला.

"अन् मॅच?" मुखरू म्हणाला. "मॅच बी माघातच हाये बे."

इथे ढालीविषयी सांगायला हवं. दर माघात आमची गोंडपिपरीशी मॅच होते आणि जिंकणारा वर्षभर ढाल ठेवतो. सलग तीन वर्षं जिंकणाऱ्याची ती कायमची होते. गोंडपिपरी दोनदा जिंकून बसली होती.

चुलीशी बसलेली मुखरूची बायको गुणाबाई म्हणाली, "लगन हाये त्याचं. जाऊ द्या न त्याले."

"लगनं दरसाल होतेत," मुखरू म्हणाला. "ढाल एकदाच जाते."

हा मुद्दा बिनतोड असल्याने मी तिथेच अर्ज लिहायला घेतला. हुकूम रद्द करायचा तर माणूस अत्यावश्यक आहे असं दाखवावं लागतं. फुटबॉलचा उल्लेख करणं पोरकट दिसलं असतं, म्हणून मी लालसूच्या दुय्यम कामाची स्तुती केली. 'सदर नाकेदार अत्यंत सचोटीचा असून त्याच्या नुसत्या भीतीने या भागातील सागवान चोरी पूर्णपणे थांबली आहे,' असं मी लिहिलं. गावाने सह्या केल्या, अंगठे उमटवले. लालसू बाजूला उभा राहून पाहत होता. आपल्याबद्दल गावाचं मत इतकं चांगलं आहे हे ऐकून तो संकोचला होता. अर्ज कशासाठी आहे ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या सुमारास आमचा अख्खा जिल्हाच एका राज्यातून काढून दुसऱ्या राज्यात घातला होता. जिल्ह्याने त्यासाठी अर्ज केलेला नसल्यामुळे ते काम लवकर झालं. आमच्या अर्जाला थोडा वेळ लागला, पण उत्तर अपेक्षेपेक्षा चांगलं आलं. कुरखेड्याची बदली रद्द. मात्र इतका सचोटीचा नाकेदार पळसघाटासारख्या चोरी पूर्णपणे थांबलेल्या गावी ठेवणं म्हणजे शासकीय मनुष्यबळाचा अपव्यय होय. सबब त्याने सिरोंच्याच्याही खालच्या नदीकाठच्या नाक्यावर हजर व्हावं, जिथे चोरी भरभराटीला आली आहे.

लालसू तो कागद घेऊन माझ्याकडे आला.

"हे कुठी आलं, वकीलभाऊ?"

"खाली. पार टोकाला."

"घराकडून दूर हाये न?"

"दूर आहे," मी म्हणालो, "पण मानाची जागा आहे."

त्याच दिवशी खरे मंडळाचे नानाजी माझ्या घरी मागच्या दाराने आले. पुढच्या दाराने आमचं बोलणं बंद होतं.

"तुमच्या मंडळानं त्याले लय चांगला करून ठेवला," ते म्हणाले. "आता थोडा खराब करा लागते."

"नानाजी, मी मूळ मंडळाचा चिटणीस. खरे मंडळाचा अर्ज मी कसा लिहिणार?"

"चिटनीस हाय, तसे वकील बी हाय न जी तुमी?"

यावर कायद्यात उत्तर नाही. मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात लालसू रात्री सागाच्या गाड्या सोडतो, नाक्यावर झोपतो आणि गरीब जनतेस उद्धटपणे बोलतो असं होतं. भाषा पहिल्या अर्जापेक्षा जोरकस उतरली. निंदा लिहिताना हात नेहमीच मोकळा चालतो. सह्या त्याच लोकांच्या होत्या, कारण गावात लोक तेवढेच आहेत.

निकाल या वेळी फार चटकन लागला. लालसू चौकशी होईपर्यंत निलंबित. मुखरूने हुकूम मला मोठ्याने वाचायला लावला आणि शेवटच्या ओळीशी थांबवलं.

"तेवढं अजून एकडाव वाचा, वकीलभाऊ."

"निलंबनाच्या काळात सदर नोकराने मुख्यालय सोडू नये."

हाटेलात गूळ वाटला गेला. सरकारने स्वतःच्या सहीने आमचा सेंटर फॉरवर्ड आमच्याकडे बांधून दिला होता. दोन्ही मंडळांची त्या दिवशी गळाभेट झाली आणि श्रेय कुणाचं यावरून ती तिथेच सुटली. निलंबित माणसाला खेळता येतं का, अशी शंका कंपाउंडरने काढली. मी लेखी मत दिलं की निलंबन पदाचं होतं, पायांचं नाही.

लालसूला आता दिवसभर मोकळीक होती. तो सकाळ-संध्याकाळ सराव करू लागला. त्याचा खेळ सुधारला आणि अंग उतरलं. एकदा मैदानाच्या कडेला त्याने मला विचारलं, "तक्रार कोनं केली, वकीलभाऊ?"

"समर्थकांनी."

"काऊन?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

त्याने चेंडू उचलला आणि परत मैदानात गेला. इतकी आपुलकी वाट्याला आलेला माणूस गप्प होणारच, असं मी मुखरूला सांगितलं.

मॅचच्या थोडे दिवस आधी चौकशी अधिकारी आले. शाळेत टेबल मांडलं. त्यांनी दोन्ही अर्ज शेजारीशेजारी ठेवले आणि चष्मा पुसला.

"हे दोन्ही आपल्याच हातचे?"

"होय. पहिला चिटणीस म्हणून, दुसरा वकील म्हणून."

"यातला खरा कोणता?"

"दुसरा खरे मंडळाचा आहे," मी म्हणालो. अधिकाऱ्यांनी ते उत्तर लिहून घेतलं नाही.

मग तक्रारीचा पहिला साक्षीदार म्हणून मुखरूला बोलावलं. लालसूला सागाची गाडी सोडताना पाहिलं का, असं त्याला विचारलं.

"लालसू अन् गाडी सोडन?" मुखरू दुखावला. "साहेब, त्यानं माह्या घरचं सरपन जप्त केलं. मी त्याले चहा पाजतो तरी बी."

"मग तक्रारीवर सही का केलीत?"

"मॅच होती न जी."

अधिकाऱ्यांनी दोन्ही अर्जांना मिळून एकच टाचणी लावली. शेवटी त्यांनी लालसूला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का. लालसू उभा राहिला. "साहेब, मले कुरखेड्याले जाऊ द्या. माघी पुनव जवळ आली."

"विवाह हा या चौकशीच्या कक्षेत येत नाही," अधिकारी म्हणाले. ते मनाने चांगले होते. कक्षा लहान होती.

हुकूम आला तो असा. नाकेदार पूर्णपणे निर्दोष असून त्याला सन्मानाने कामावर घेण्यात येत आहे. गेलेली अब्रू ज्या गावी गेली त्याच गावी भरून निघावी, म्हणून त्याला पुढील तीन वर्षं पळसघाटातच ठेवावं. मात्र येथील जनता शासकीय नोकरांवर वाजवीपेक्षा अधिक प्रेम करते असं आढळून आल्याने गावातील अन्य खात्यांचेही नोकर ताबडतोब हलवण्यात यावेत. जंगलखात्याचे रेंजरसाहेब तेवढे वगळले, कारण त्यांच्यावर प्रेम केल्याचा पुरावा मिळाला नाही. पटवारी, शिपाई, कंपाउंडर, दोन्ही मास्तर, बाकीचे नाकेदार, सगळे गेले. रिकाम्या जागा जवळपास एकाच गावी होत्या. तिथे समर्थक मंडळ नव्हतं, त्यामुळे कुणी बदल्या अडवल्या नव्हत्या आणि आलेले लोक वेळच्या वेळी पुढे जात राहिले होते. ते गाव गोंडपिपरी.

मॅच ठरल्या दिवशी झाली. आमच्या समोर आमचाच संघ उभा होता. आमच्या बाजूला लालसू आणि समर्थक मंडळांचे दहा पदाधिकारी. बूट शेवटी कुलपातून निघाले आणि ते फक्त माझ्या पायांना झाले. मुखरू गोलमध्ये उभा राहिला, कारण त्याला धावायचं नव्हतं. नानाजींनी आपण डावीकडे खेळतो असं सांगितलं. कुणाच्या डावीकडे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पंच म्हणून रेंजरसाहेब होते.

शिट्टी झाली. चेंडू लालसूकडे आला आणि तो निघाला. पटवाऱ्याने त्याला अडवायचं सोडून पाठीवर थाप मारली. दोघा मास्तरांमधून तो निघून गेला. शिपायाने वाट दिली. कंपाउंडर गोल सोडून पुढे आला आणि त्याच्याशी दोन शब्द बोलला. समोर मोकळा गोल होता. सारं पळसघाट उभं राहिलं होतं. नानाजी आणि मी एकमेकांचा हात धरला होता.

लालसूने चेंडू हलकेच ठेवला, दोन खांबांच्या मध्ये, आणि तो स्वतः थांबला नाही. खांबाच्या बाजूने पुढे गेला, बांध ओलांडला, झुडपावर ठेवलेलं गाठोडं उचललं आणि कुरखेड्याच्या दिशेच्या वाटेला लागला. अंगातला क्लबाचा सदरा त्याने काढून बांधावर घडी करून ठेवला होता. रेंजरसाहेबांनी शिट्टी तोंडाला लावली, पण नाकेदाराने परवानगीशिवाय मुख्यालय सोडलं म्हणून वाजवावी की गोलसाठी, हे त्यांना ठरवता आलं नाही, आणि ती तशीच राहिली.

"लालसू, चेंडू आत ढकल बे," मुखरू आमच्या गोलमधून ओरडत होता. "जाता जाता ढकल."

पाऊण मैदान धावून आम्ही चेंडूपर्यंत पोचेपर्यंत कंपाउंडरने तो उचलला होता. पुढे आमच्यावर किती गोल झाले ते दोन्ही मंडळं मोजत नाहीत, कारण मूळ मंडळाच्या मते लालसूचा गोल होताच मॅच नैतिकदृष्ट्या संपली होती, आणि खरे मंडळाच्या मते चेंडू रेषेच्या आत गेलाच नव्हता, पण तो दोष लालसूचा. ढाल गोंडपिपरीत आहे. ती परत मिळावी म्हणून मी अर्ज केला आहे. लालसूची नोकरी सुटू नये म्हणूनही एक केला आहे. त्यात त्याला पळसघाटातच ठेवावं अशी विनंती आहे.

माघी पुनवेच्या आधी तो पोचला का आणि सुकरी त्याला मिळाली का, हे मला सांगता येणार नाही. मंडळाच्या सभांत तो विषय निघालेला नाही. गुणाबाईने एकदा काढला होता, पण ती सभासद नाही. बाकी ज्यांना ज्यांना मी ही हकिगत सांगितली, त्या सुशिक्षित, सहृदय मंडळींनी शेवटी मला एकच प्रश्न विचारला आणि तो आपल्याही ओठांवर आलेला मला दिसतो आहे. तेव्हा सांगतो. मी बूट घालून सगळ्यात पुढे होतो, मी पाहिलं आहे.

चेंडू बरोबर रेषेवर होता. आपण मूळ मंडळात येता की खरे मंडळात, तेवढं कळवा.