सहा फुटी नॉर्वेकराचा सूट

शनिवार, १२ मे. ऊन कडक. वारा अजिबात नाही. समुद्र तव्यावर तेल पसरावं तसा सपाट, आणि पाण्याखाली लांबपर्यंत स्वच्छ दिसत होतं. म्हणजे आज जे झालं त्याचा दोष हवामानावर ढकलायची सोय नाही.

सगळं सुरू झालं ते एका ‘पाठव’पासून. माझी मेव्हणी नेनिता नॉर्वेत एका म्हातारीची देखभाल करते. मार्चमध्ये तिचा फोन आला. (कुया म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ; बायकोची भावंडं मला तसंच म्हणतात.)

“कुया, बाईंचे यजमान वारले. तळघर रिकामं करायचंय. त्यांना डायव्हिंगचा नाद होता, सगळं सामान पडून आहे. पाठवू?”

मी मासे साफ करत होतो, हात बरबटलेले. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागतं आणि फोन लांबतो. म्हणून म्हटलं, “पाठव.” (आयुष्यातल्या बहुतेक संकटांना मी असाच, हात धुवायच्या घाईत, होकार दिलेला आहे. लग्नाचं सांगत नाही, बायको, पुरिंग, घरात आहे.)

मी अनिलाओच्या एका रिसॉर्टवर पाहुण्यांना पाण्याखाली फिरवतो. नवशिक्यांना पहिल्या दिवशी माझं एक भाषण ठरलेलं असतं. सामान आपल्या अंगाच्या मापाचं घ्या, आपल्या समुद्राला शोभेल असं घ्या, रंग सगळ्यात शेवटी बघा. पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा. आणि रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, ते पाण्यात बुडवण्याआधी त्याच्या तोंडावरचं झाकण कोरडं करून घट्ट लावा. माझा स्वतःचा रेग्युलेटर मी लग्नाआधी घेतला. मुलगी शिकायला मनिलाला गेली, सासू तीनदा मरतामरता वाचली, पण त्या रेग्युलेटरला गंजाचा ठिपका नाही. तो दाराजवळच्या खुंटीवर असायचा. पुरिंग म्हणायची, “माझ्या अंगावरून कधी असा हात फिरवला नाहीस.” मी म्हणायचो, “तू कधी गंजली नाहीस.” (मला हे कौतुक वाटलं होतं. तिला वाटलं नाही.)

खोकं एप्रिलच्या शेवटी आलं. परदेशातून खोकं आलं की आमच्याकडे ते एका घराचं राहत नाही. दुपारपर्यंत अंगणात सगळे नातेवाईक हजर झाले. साबण, चॉकलेटं, टॉवेल, डबाबंद मांस, ज्याच्या त्याच्या नावानं वाटप सुरू झालं. तळाशी माझं सामान होतं. जाडजूड काळा रेग्युलेटर, हातमोजे, आणि एक सूट. सूट उलगडत गेला, उलगडत गेला, आणि तरी त्याचे पाय खोक्यातच राहिले.

“यात अजून कोणी आहे का बघा,” माझा मेव्हणा डेल्फिन म्हणाला.

तो बर्फाच्या पाण्यात उतरायचा सूट होता. आत पाणी शिरूच नये म्हणून बंद, बूट शिवूनच आलेले, मालक सहा फूट चार इंच. मी पाच फूट तीन. आणि आमचा समुद्र मे महिन्यात कोमट सुपासारखा असतो.

“छान आहे,” मी म्हणालो, आणि कामावर गेलो.

संध्याकाळी परत आलो तर खुंटी रिकामी.

“पुरिंग, माझा रेग्युलेटर?”

“डेल्फिनला दिला.”

“कुठला?”

“जुना. तुला नवा आला ना? त्याच्या वाट्याला नुसते टॉवेल आले होते. आई म्हणाली, एकुलत्या एका मुलाला टॉवेलवर वाटेला लावता?”

“आणि माझा जुना सूट?”

तिनं चुलीवरचं पातेलं उतरवलं. दोन्ही हातांत माझ्या सुटाच्या गुडघ्यांचे चौकोन होते. “किती मऊ! चटका म्हणून बसत नाही. दोन शेजारणीला दिले.”

नॉर्वेचा रेग्युलेटर घेऊन मी धावत रिसॉर्टवर गेलो. तो टाकीत आटे फिरवून बसवायचा, आणि आमच्या टाक्यांना वरून शिकंजा लागतो. तो टाकीवर बसेना. जोडायचा तुकडा मनिलाहून मागवावा लागणार होता. तोवर भाड्याचा वापरायचा, ज्याचं तोंडात धरायचं रबर दहा देशांच्या दातांनी कुरतडलेलं आहे.

हे सगळं एरवी मी सोसलं असतं. पण आमचा मुख्य गाइड निवृत्त झाला होता आणि मालकीण मॅडम तेओडोरा यांनी सांगितलं होतं, “गावच्या जत्रेच्या, फिएस्टाच्या आधीच्या शनिवारी मी स्वतः पाण्यात येईन. तू आणि डेल्फिन, दोघं पाहुण्यांना घेऊन उतरा. मग ठरवीन.” मुख्य गाइडला टाक्या उचलाव्या लागत नाहीत. माझी कंबर पहाटे उठताना मला अजून दोन वर्षं देते, जास्त नाही. डेल्फिनला डायव्हिंग मीच शिकवलं. त्याची कंबर उत्तम आहे.

“परत माग,” मी पुरिंगला म्हणालो.

“खोक्यातून दिलेलं परत? मग फिएस्टाला आमच्या घरचं कोणी तुझ्या दारात जेवायला येणार नाही.”

“चालेल की!”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःच डेल्फिनकडे गेलो. रेग्युलेटर त्याच्या तीनचाकीच्या हँडलला भर उन्हात लटकत होता. सासूबाई ओसरीवर होत्या.

“या कुया,” डेल्फिन म्हणाला. “बघायला आलात की न्यायला?”

सासूबाई पंखा हलवायच्या थांबल्या.

“बघायला,” मी म्हणालो.

पण मग राहवेना. मी बादली मागवली, झाकण पुसून लावलं, रेग्युलेटर भिजवला, धुतला, सावलीत टांगला. डेल्फिन शेजारी बसून चॉकलेट खात होता.

“किती मनापासून करता हो तुम्ही!” तो म्हणाला. “मला नाही जमणार.”

काल नेनिता फिएस्टासाठी घरी आली. दारातूनच विचारलं, “कुया, सूट घातलेला फोटो का नाही पाठवलात? बाई रोज विचारतात.”

“उद्या घालणारच आहे तो,” पुरिंग म्हणाली. मी उघड्या अंगानं उतरणार होतो. ते कोणी विचारलं नाही.

आज सकाळी आमची होडी, बांका, निघाली. पाहुण्यांत फोटो काढणारी चार कोरियन माणसं, त्यांत दरवर्षी माझ्यासोबतच उतरणारे मिस्टर बे. शिवाय मॅडम, डेल्फिन, फोन धरलेली नेनिता, आणि सूट चढवायला पुरिंग. मानेभोवती सूट एवढा ढगळ होता की पुरिंगनं तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली.

“श्वास घेता येतोय?”

मी मान हलवली. (हलली नाही.)

“कुया, आत हवा फार आहे, तरंगाल,” डेल्फिन म्हणाला आणि माझ्या कमरेला शिसं बांधलं. मग अजून थोडं बांधलं. “तुमच्या काळजीनं करतोय हो.”

मी उडी मारली. शिशानं मला खाली नेलं. मग आतली सगळी हवा विचारपूर्वक पायांकडे गेली. बूट फुग्यासारखे फुगले, पायांतल्या रबरी फिन्स गळून वर गेल्या, आणि मी उलटा झालो. वर जाऊ नये म्हणून समोरच्या खडकाचा कोपरा दोन्ही हातांनी धरला आणि डोकं खाली, पाय वर, असा लोंबकळत राहिलो.

आता अनिलाओचा गाइड खडकापाशी उलटा लोंबकळला की त्याचा एकच अर्थ होतो. त्याला नखाएवढी एखादी दुर्मीळ रंगीत गोगलगाय सापडली आहे. मिस्टर बे लगबगीनं आले. माझ्या नाकासमोरच्या खडकाचे त्यांनी फोटो काढले. मग बाजूला होऊन दुसऱ्याला जागा दिली. चौघांनी शिस्तीत रांग लावून त्या कोऱ्या खडकाचे फोटो काढले. मी मान हलवून ‘काही नाही’ सांगू पाहत होतो, पण ट्यूबमुळे नुसते डोळे फिरत होते. मिस्टर बेंनी ती दिशा समजून कॅमेरा तिकडे वळवला.

मग डेल्फिन आला. माझ्या रेग्युलेटरमधून संथ, एकसारखे बुडबुडे सोडत. (किती सुरेख चालतो तो अजून!) त्यानं खडकाकडे पाहिलं, आणि माझ्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर बोट ठेवलं. तिथं खरंच होती. जांभळी, पाठीवर केशरी तुरे, भाताच्या शितापेक्षा मोठी नाही. मी इतका वेळ तिच्या शेजारी लटकत होतो. मॅडमनी पाण्याखाली टाळ्या वाजवल्या. त्यांचा आवाज येत नाही, पण दिसतात.

तेवढ्यात खडकाचा कोपरा निसटला आणि मी पायांनी पुढे होऊन वर गेलो. खोल नव्हतो म्हणून वाचलो. वर आल्यावर सरळ झालो तर ट्यूब सुटली आणि सगळा समुद्र मानेतून आत आला. मला बांकेत घ्यायला तिघं लागले. मग त्यांनी माझे पाय वर धरून मला ओतलं.

“कुया, इकडे बघा!” नेनिता म्हणाली. “हसा!”

संध्याकाळी तिनं चित्रफीत नॉर्वेला पाठवली. म्हातारी बघून खूप रडली म्हणे. यजमानांचा सूट पुन्हा समुद्रात उतरलेला पाहून तिला बरं वाटलं. त्यांचा दुसराही सूट आहे, तो ती पाठवते आहे.

पुरिंग जेवण वाढताना म्हणाली, “तू त्या गोगलगायीला पाहिलंच नाहीस?”

“नाही.”

“एवढी जवळ होती.”

डेल्फिन आजपासून मुख्य गाइड. माझ्या कमरेकडे बघून मॅडमनी मला टाक्यांवरून काढलं आणि सामानाच्या खोलीवर नेमलं. सगळ्यांचं सामान धुणं, वाळवणं आणि टांगणं हे काम. संध्याकाळी पहिली बादली भरली. डेल्फिनचा रेग्युलेटर झाकण पुसून, लावून भिजवला, धुतला आणि सावलीत त्याच्या नावाच्या खुंटीवर टांगला.